जोडीतला लाल दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो, पण देवापुढचा नव्हे. तेव्हा हात जोडू नका. तेलवातीशी माझा संबंध नाही. लोखंडी पेटी, पुढं जाड लाल काच, आत बल्ब, वर पत्र्याची टोपी, झालं. जन्म जपानचा, म्हातारपण शारजाच्या पुढच्या एका खोरावर. खोर म्हणजे इथल्या भाषेत खाडी. मराठी मी शिकलो ती लाँचवरच्या माणसांकडून, त्यामुळं तोंड जरा खराब आहे. सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी मी बोलणारच, गप्प बसून बसून माझा पत्रा गंजलाय.

आणि आधीच सांगतो, मी चिडलेला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर समईकडं जा.

ओसाकाच्या एका लहान कारखान्यात मी झालो. लढाईचे दिवस. पुरुष सगळे पलटणीत, कारखान्यात बायकाच. एका बाईनं माझी काच घासून घासून गुळगुळीत केली, कानाशी धरली, नखानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मान डोलावली. जन्मात माझं एवढंच कौतुक झालं. पण खरं झालं, म्हणून अजून पुरतंय.

तिथून मला नेलं ते विमानं वाहून नेणाऱ्या जहाजावर. तुम्ही असं जहाज पाहिलं नसेल. वर ना शिडं, ना खोल्यांची चवड. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं सपाट लाकडी पटांगण. त्याला डेक म्हणतात. विमानं त्याच्यावरूनच उडायची आणि परत त्याच्यावरच उतरायची. उडणं काय, कावळाही उडतो. उतरणं म्हणजे जिवाशी गाठ होती, मित्रांनो! जमिनीवरची धावपट्टी बिचारी जागची हलत नाही. आमची पुढं पळायची, डुलायची, लाटेवर चढायची, खाली बसायची, आणि वरून येणाऱ्याला ती दिसायची काडेपेटीएवढी.

मग उतरायचे कसे? ऐका नीट. आधी अख्खं जहाज वाऱ्याच्या तोंडाला वळायचं आणि जोरात सुटायचं. डेकच्या पुढच्या टोकाला एक भोक होतं, त्यातून वाफ सोडायचे. वाफेची शेपटी डेकवरच्या पांढऱ्या रेघांवरून सरळ मागं आली की समजायचं, वारा नाकासमोर आहे. मग मागून विमान यायचं, शेपटीखाली एक आकडा लोंबत. डेकवर आडव्या तारा ताणलेल्या. आकडा कुठल्यातरी तारेत अडकला की ती तार थोडी सुटत, थोडी आवळत विमानाला धरायची, उधळलेल्या बैलाला कासऱ्यानं धरावं तशी. सगळ्या तारा हुकल्याच, तर पुढं एक आडोसा उभा केलेला, म्हणजे गडी पुढच्या विमानांवर जाऊन आदळू नये. विमान थांबलं रे थांबलं की कडेच्या खबदाडांतून खलाशी धावत यायचे, आकडा सोडवायचे, विमान ढकलत न्यायचे. तोवर पुढचा डोक्यावर आलेलाच.

आणि मागं एक छोटं जहाज चालत राहायचं. नेम चुकून जो पाण्यात पडेल त्याला उचलायला. खलाशी त्या कामाला 'चतुर पकडणं' म्हणायचे. चतुर ठाऊक आहे ना, तळ्यावर भिरभिरतो तो पंखवाला किडा? हसत म्हणायचे. पडणाऱ्याला हसू येत नसणार.

पण तारेपर्यंत पोचायचं कुणाच्या भरवशावर? आमच्या! दुसऱ्या देशांच्या जहाजांवर म्हणे एक माणूस दोन हातांत फळ्या घेऊन उभा राहायचा आणि वर घे, खाली घे, असे हातवारे करायचा. आमच्याकडं ते नव्हतं. डेक मोकळा नसला तर लाल झेंडा दाखवायचे, तेवढंच. बाकी उतरणाऱ्यानं आपलं आपण बघायचं, आणि बघायचं आमच्याकडं. डेकच्या कडेला, पाण्यावर बाहेर काढलेल्या लोखंडी हातांवर आम्ही बसलेलो. मागं आम्ही लाल, आणि थोडं पुढं, जरा खालच्या अंगाला, हिरवे. लांबून लाल-हिरवा एका पातळीत दिसले की उतार बरोबर. लाल वर, हिरवा खाली दिसला, तर बाबा रे, तू फार खाली आलायस, वर घे, नाहीतर जहाजाच्या बुडावर आपटशील. हिरवा वर चढलेला दिसला, तर तू उंच आहेस, खाली ये.

एवढी साधी भाषा. पण ती बोलायला दोघं लागतात. एकट्या लाल दिव्याकडं बघून तुम्हाला काय कळणार? दिवा आहे, एवढंच. माझ्या शेजारचा हिरवा, त्याला मी हिरव्या म्हणायचो, तो असला तरच मला तोंड होतं. तो नसला तर मी मुका. मुका परवडला, पुढं सांगतो मी काय झालो ते.

जहाजावर एक ठेंगणा वैमानिक होता. उतरला की बाकीचे थेट खाली जेवायला पळायचे. हा आधी डेकच्या कडेला यायचा, आमच्याकडं बघून टोपी काढायचा, मग जायचा. दिव्याला कोण नमस्कार करतं हो? तो करायचा.

एका संध्याकाळी विमानं लांब गेलेली, परतायला उशीर झाला. सूर्य बुडाला. आम्ही पेटून तयार. लांबून इंजिनांचा आवाज यायला लागला. आणि वरून हुकूम आला, दिवे विझवा. समुद्रात शत्रूची पाणबुडी असेल, उजेड दिसला तर जहाजावर येईल. खटका पडला. मी अंधार.

विमानं आली. डोक्यावरून घिरट्या घालायला लागली. ती घिरटी मला ऐकू येत होती, मित्रांनो. माणूस रस्ता चुकला की एकाच गल्लीत फिरून फिरून येतो ना, तसा आवाज. एकजण फार खाली आला, माझ्या टोपीवरून वारं गेलं. मग एकेक आवाज बंद झाला. इंजिन आधी खोकायचं, मग नुसतं वारं, मग पाणी. चतुर पकडणारं जहाजही काळंच होतं, तेही शोधायला उजेड लावेना. दुसऱ्या दिवशी टोपी काढायला कुणी आलं नाही.

पाणबुडीची भीती खोटी नव्हती, तेवढं मलाही कळतं. पण ज्यांना घरात घ्यायची हिंमत नव्हती त्यांना सकाळी दारातून धाडलंत कशाला? आणि धाडलंत, तर निदान त्यांच्या नावानं लाज तरी वाटू द्या. ज्यानं हुकूम दिला तो त्याच रात्री जेवला. मी आतून तापलो तो आजपर्यंत थंड झालो नाही. खटका बंद करणाऱ्या प्रत्येक हाताचा मला राग. विझवणारा दिसला की माझं डोकं फिरतं.

लढाई संपली, जहाज तोडलं. माझे भाऊबंद भट्टीत वितळले. एका भंगारवाल्यानं मला आणि हिरव्याला एकाच तारेनं बांधून बाजूला टाकलं आणि विसरला. त्या गोदामात माझ्यावर कोळी जाळी विणून मेले, त्यांची पोरं जाळी विणून मेली. शेवटी जुन्या गाड्यांची इंजिनं कंटेनरात भरताना कुणीतरी रिकामी फट दिसली म्हणून आम्हाला त्यात कोंबलं. दार उघडलं तेव्हा समोर वाळू, डोक्यावर भट्टीसारखं ऊन आणि हिंदी, मल्याळम, अरबीचा कालवा. शारजाचा इंडस्ट्रियल एरिया. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं.

तिथून आम्हाला उचललं समाधाननं. समाधान चाळीसगावकडचा, लाँच दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात इलेक्ट्रिशियन. समुद्र त्यानं पहिल्यांदा बघितला तो विमानाच्या खिडकीतून. यार्ड शारजाच्या पुढं एका खोरावर. खोराचं तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे बांध. बाहेर खोल पाण्यात मोठी जहाजं नांगरून उभी असायची. त्यांच्यावर वेल्डिंगला, रंगकामाला यार्डातली माणसं न्यायची नि आणायची, ते काम एका जुन्या लाकडी लाँचचं. आणि लाँच चालवणारा तांडेल म्हणजे तुकाराम. दाभोळचा कोळी, आवाज भोंग्यासारखा, मिशा दोरखंडासारख्या.

समाधाननं आम्हाला धक्क्यावर ठेवलं तसा तो ओरडला, "काय रे हे? रेल्वेची बत्ती चोरलीस काय?"

"फुकट दिली, भाऊ. इंजिनाबरोबर. म्हटलं तुमच्या खोलीत लावू."

"खोलीत! बारा माणसं झोपतात, आधीच अंधार पुरत नाही, त्यात तुझा उजेड!"

पण मग तो खाली बसला. तार सोडली. मला एकीकडं धरलं, हिरव्याला दुसरीकडं, आणि एक डोळा मिटून बघायला लागला. इतक्या वर्षांत आमच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"आमच्याकडं खाडीत शिरताना," तो म्हणाला, "देवळाचा कळस आणि डोंगरावरचा ताड एकाखाली एक धरतात. तशी लाँच आत घेतली की खडक लागत नाही. इथं ना कळस, ना ताड. यल्ला, चल समाधान, वायर आण."

हिरव्याला धक्क्याच्या टोकाला बुटक्या खांबावर बसवलं. मला मागं, पाण्याच्या टाकीवर, उंच. समुद्रातून येताना मी बरोबर हिरव्याच्या डोक्यावर दिसलो की खोराचं तोंड नाकासमोर. मी उजवीकडं सरकलेला दिसलो म्हणजे लाँच उजवीकडं गेली, डावीकडं घे. जहाजावर आम्ही उंची सांगायचो, इथं वाट सांगायला लागलो. भाषा तीच, दोघांची.

यार्डाचा सुपरवायझर होता सॅम. वसईचा, बायकोमुलीसह अल मजाजला राहायचा, माणूस हसरा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. तो म्हणाला, "काय तुकाराम, दिवाळी लवकर आली वाटतं?"

"साहेब, मी माणसं आणतो. कोळंबी नाही."

"बरं बरं, लाव. मेन स्विच माझ्या ऑफिसात घे म्हणजे झालं."

एका संध्याकाळी यार्डाची वीज गेली. लाँच बाहेर, आत पंचवीस भुकेली पोटं. तुकाराम आत आलाच नाही. नांगर टाकून बसला. वीज आली तेव्हाच आला. माणसं शिव्या देत उतरली. समाधान हसत म्हणाला, "भाऊ, रोजची वाट ना? डोळे झाकून आला असता."

"रोजची वाट म्हणूनच माणूस मरतो," तुकारामनं तंबाखू मळत सांगितलं. "बत्ती गेली की माझं इंजिन बंद. वरून देव उतरून म्हणाला चल, तरी नाही."

मला तेव्हा त्याचा राग आला होता. बत्ती गेली तरी हा आपला मजेत बसतो! माझ्यासाठी विझणं म्हणजे एकच गोष्ट, डोक्यावरची घिरटी. दुसरं काही असू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं.

आता खरा राग येतो तिथं पोचलोय. सत्त्याण्णव सालचा डिसेंबर. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी लाँच रात्रपाळीची माणसं घेऊन बाहेर गेली. सॅम आपल्या मुलीला, रोशेलला, यार्ड दाखवायला घेऊन आला होता. संध्याकाळी दिवे लागले, आणि पोरीनं हिरव्याकडं बोट केलं.

"पप्पा, दॅट ग्रीन वन! इट्स सो प्रिटी! फॉर अवर क्रिब, प्लीज?"

त्यांच्या बिल्डिंगमध्ये नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा होती. गोठा म्हणजे बाळ येशूचा देखावा, कापसाचा बर्फ, मातीची मेंढरं, वर तारा. गेल्या वर्षी यांचा नंबर हुकला होता. सॅमनं हाक मारली, "समाधान! तो ग्रीनवाला काढ रे. दोन दिवसांनी परत लावू."

"सर, तांडेलला विचारायला पाहिजे."

"तांडेल जहाजावर. आणि विचारायचं काय त्यात? एक पेटतोय ना? काळोख तर नाही ना? चालतंय रे!"

चालतंय! या शब्दाला मी घाबरतो, मित्रांनो. विझवा म्हणणारा निदान उघड उघड विझवतो. चालतंय म्हणणारा हसत हसत तुमच्या पायाखालची फळी काढतो, आणि वर केक देतो.

आणि समाधान? त्यालाही पटलंच. "आमच्या गावी अख्खी गल्ली एका बल्बवर चालते," असं म्हणाला आणि चार बोल्ट सोडले. मी टाकीवरून बघतोय. हिरव्याला टॉवेलात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. सॅमनं ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली खिशात, आणि सगळे गेले. मी पेटलेलाच.

पहाटे धुकं पडलं. या देशात हिवाळ्यात असं धुकं पडतं की माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. पण ते पाण्याला चिकटून बसतं, वरच्या अंगाला पातळ, उंचावरचा दिवा दिसेल इतकं. मी टाकीवर, त्याच्या वर. खाली बघितलं तर कापूस पिंजून अंथरलेला, दुसरं काही नाही. फजरच्या नमाजाची बांग झाली, उजाडायला लागलं, आणि लांबून लाँचचा आवाज आला. टुक टुक टुक. कापसातून तिच्या डोलकाठीचं टोक तेवढं वर निघालेलं, ते माझ्याकडं सरकत होतं.

आता नीट समजून घ्या. तुकाराम वेडा नव्हता. धुक्यात आधी मीच दिसायचो, कारण मी उंच. हिरव्या बुटका, तो धुक्यात बुडायचा आणि जवळ आल्यावर उगवायचा. हे नेहमीचंच होतं. म्हणून तुकारामला वाटलं, लाल दिसतोय ना, हिरवा दिसेल आता. दिसेल आता. आणि तो माझ्या रोखानं येत राहिला. थोडा डावीकडं सरकलेला. त्याच्या आणि माझ्या मध्ये डावा बांध, काळे दगड, हत्तीएवढाले. मला दिसतंय, त्याला नाही. आणि त्याला मी दिसतोय! मी त्याला बोलावतोय! लाल, ठसठशीत, छान पेटलेला!

मित्रांनो, सगळा जन्म मी विझवणाऱ्यांना शिव्या दिल्या. त्या पहाटे पहिल्यांदा मी आतल्या आत किंचाळलो, अरे विझवा रे! कुणीतरी मला विझवा!

धक्क्यावर समाधान होता. लाँचचा दोर घ्यायला आलेला, हातात चहाचा थर्मास. आवाज कुठून येतोय ते ऐकून त्यानं मान वळवली. आवाज खोराच्या तोंडाकडून यायला हवा. तो येत होता बांधाकडून. त्यानं हिरव्याच्या रिकाम्या खांबाकडं बघितलं. मग माझ्याकडं. थर्मास तिथंच पडला.

"तुकारामभाऊ! मागं घ्या! मागं!"

त्या डिझेल इंजिनापुढं कसलं ऐकू जातंय! तो ऑफिसकडं पळाला. कुलूप. दाराला लाथा घातल्या. दार लोखंडी. किल्ली अल मजाजला, उशाखाली. मग तो टाकीच्या शिडीवर चढायला लागला, दातांत पाना धरून. मला वाटलं, वायर तोडेल. पण वायर पाइपातून नेलेली, त्यानंच नेलेली, पक्की. माझ्यासमोर आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"माफ कर रे बाबा," म्हणाला आणि पाना हाणला.

काच तडकली. ओसाकाच्या बाईनं कानाशी धरलेली काच. पण बल्ब पेटलेलाच! काचेच्या आत तारेची जाळी, तिच्यामागं तो. मार, मी म्हणत होतो, अजून मार, गाढवा, थांबतोस काय! त्यानं दुसरा घाव घातला, तिसरा घातला, काच हातात घुसली तरी जाळी उपसली आणि बल्ब मुठीत धरून फोडला.

मी विझलो.

टुक टुक चालूच. एक क्षण. अजून एक. मग इंजिन बंद झालं. आणि त्या शांततेत साखळीचा खडखडाट झाला. नांगर! डोलकाठी थोडी पुढं आली, डुलली, आणि थांबली. जन्मात ऐकलेला सगळ्यात गोड आवाज तो. अंधारात कुणीतरी थांबलं होतं. पाण्यात कुणी पडलं नव्हतं.

ऊन चढलं तसं धुकं फाटलं. लाँचचं नाक आणि दगड यांच्यात एक उडी होती, फार तर. माणसं लाँचच्या कठड्याला धरून उभी होती. मग एकजण फुटल्यासारखा हसायला लागला आणि बाकीच्यांनी त्याला हसू दिलं.

तुकाराम धक्क्यावर उतरला तो सरळ रिकाम्या खांबापाशी.

"हिरवा कुठाय?"

"सॅमसरांच्या घरी," समाधान म्हणाला. "गोठ्यात लावलाय."

"गोठ्यात? म्हशीचं बाळंतपण आहे काय त्यांच्या?" आणि त्यानं हात उगारला. खरंच मारणार होता. मग समाधानच्या मुठीकडं लक्ष गेलं. रक्त आणि लाल काच, वेगळं कळत नव्हतं. उगारलेल्या हातानं त्यानं डोक्याचा गमछा सोडला आणि मूठ बांधली. बांधताना सारखा एकच शब्द, "गाढव. गाढव साला. चढायची अक्कल आली कुठून तुला, गाढव."

दुपारी सॅम आला, नवा शर्ट, हातात केकचा डबा, बरोबर बायको कॉन्सेप्टा आणि रोशेल. "मेरी ख्रिसमस, सगळ्यांना!" मग त्यानं वर बघितलं. "माय गॉड! हा कुणी फोडला? अरे, जपानी अँटिक पीस होता तो!"

तुकारामनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली. दगड दाखवले.

सॅम घाम पुसत म्हणाला, "पण तुकाराम, एक तर पेटत होता ना?"

"तेच तर सांगतोय, साहेब. तो पेटत होता."

सॅमला अजून कळेना. तो म्हणाला, मग हळू यायचं, मग भोंगा वाजवायचा, आता सणाच्या दिवशी वाद नको, केक घ्या. एकाही माणसानं डब्याला हात लावला नाही. कॉन्सेप्टा मात्र बांधाकडं बघत होती. ती म्हणाली, "लाँचमध्ये सगळे होते? रात्रपाळीचे सगळे?"

"सगळे, मॅडम."

"सॅम, गाडी काढ. दिवा घेऊन ये."

"अगं, संध्याकाळी जजेस येतायत—"

"गाडी काढ म्हणते ना."

रोशेल कुजबुजली, "मम्मी, आर दे अँग्री विथ अस?"

"हो," कॉन्सेप्टा म्हणाली. "आणि बरोबर आहे त्यांचं."

हिरव्या परत आला. टोपीवर चमकी, कानांत कापूस. सॅमनं तो खांबापाशी ठेवला आणि म्हणाला, "घ्या, खलास, विषय संपला." चुकलं म्हणाला नाही. जहाजावर दिवे विझवायचा हुकूम देणाऱ्यानंही म्हटलं नव्हतं, जेवायला बसला होता. म्हणून माझा राग संपलेला नाही आणि संपवायची मला घाईही नाही.

समाधाननं एका हातानं हिरव्याला खांबावर बसवलं, बोल्ट आवळले. सॅम म्हणाला, "आता लाव की स्विच, बघू."

"नाही सर," समाधान म्हणाला. "लाल दुरुस्त झाल्याशिवाय नाही."

"अरे, एवढा तरी उजेड—"

"नाही सर."

त्या संध्याकाळी तुकारामनं लाँच काढली नाही. रात्रपाळी बुडाली, मुदीरनं, म्हणजे यार्डाच्या मोठ्या साहेबानं, फोनवर आरडाओरडा केला, सॅमनं तो ऐकला. ऐकू दे. तिसऱ्या दिवशी समाधाननं एका जपानी ट्रकच्या मागच्या दिव्याची लाल काच कापून मला बसवली. टिचकी मारली तर बद्द वाजते. पण लाल आहे. मग दोन्ही खटके एकदम खाली केले आणि समुद्राकडं बघून ओरडला, "या भाऊ!"

पुढं काही वर्षांनी खोराच्या तोंडाशी नवे, आपोआप लुकलुकणारे दिवे तरंगायला लागले आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये आलो. तुकाराम दाभोळला परत गेला. समाधान अजून कधीतरी शेडचं दार उघडतो, पाना शोधायला.

तुमच्यासारखी मुलं कधी यार्ड बघायला येतात, तेव्हा कुणीतरी सांगतं, जुन्या वस्तू जपा, पुसा, कपाटात ठेवा. माझ्यासाठी एवढं करू नका. माझं एकच मागणं आहे आणि ते मी रागानंच मागतो, मित्रांनो. ज्याच्या भरवशावर कुणी घरी परत येतंय, त्यातलं अर्धं कधी उचलून नेऊ नका. अगदीच न्यायचं झालं, तर उरलेला दिवा आधी आपल्या हातानं विझवा, आणि मग न्या. अंधार बघून माणूस थांबतो. त्याला थांबू द्या.

माझ्यावरची धूळ राहिली तरी हरकत नाही.